चौकटीचा दुसरा कर्ण

सोमवार, १ जुलै १९९१

पोहोचलो बुवा पनवेलला! आभाला कराडला माहेरी सोडलं, तिथूनच एस.टी. पकडली आणि दुपारी तीनला वळकटी-ट्रंकेसकट उतरलो. रोज चार ओळी तरी लिहायच्याच असा बाईसाहेबांचा हुकूम आहे. लेक मोठी झाली की तिला हे वाचून दाखवायचंय म्हणे. लेक व्हायची आहे अजून, ऑगस्टात. पण मुलगीच होणार आणि तिचं नाव रेवा ठेवायचं, हे आभाने परस्पर ठरवून टाकलंय. मला कोण विचारतो!

कचेरी रहीमभाईंच्या हार्डवेअरच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर आहे. पुढच्या खोलीत यंत्र, मागच्या खोलीत मी. रहीमभाई अकरा वर्षं कुवेतला होते, गेल्या साली लढाईच्या गडबडीत सगळं सोडून परत आले. मी जिना चढायच्या आधीच त्यांनी माझ्या हातावर खजूर ठेवले. इथे पाण्याची काही तकलीफ नाही, स्लॅब नवी आहे, इन्शाल्ला एक थेंब गळणार नाही, असं दोनदा सांगितलं. खिडकीतून तळ्याचा एवढासा कोपरा दिसतो. मला जागा आवडली. आभालाही आवडेल.

गुरुवार, ४ जुलै

आज उदयसिंह साहेब मुख्य कचेरीतून येऊन काम समजावून गेले. मोठा उमदा माणूस, पण आकड्यांचं फार वेड. हे पूर-सूचना केंद्र म्हणजे आमच्या कंपनीचा प्रयोग आहे. आसपासच्या डोंगरांतल्या पाच बंधाऱ्यांवर एकेक केबिन, केबिनमध्ये एकेक माणूस. त्याने सकाळी आठ, दुपारी बारा आणि चार वाजता पाण्याची मोजपट्टी वाचायची आणि आकडा बटणांच्या डब्यावर दाबायचा. तो वायरलेसवरून माझ्याकडे येतो आणि कागदाच्या फितीवर छापला जातो.

माझ्याकडे तीन बटणं. 'पोच' दाबलं की तिकडे केबिनमध्ये पांढरा दिवा लागतो: आकडा मिळाला, सगळं ठीक, जागेवर थांबा. 'फेर' दाबलं की घंटी वाजते: आकडा नीट आला नाही, पुन्हा वाचून पाठवा. आणि पाणी पाच मीटरच्या वर गेलं तर 'निघा'. मग लाल दिवा लागतो आणि माणसाने सगळं टाकून वर टेकडीवर जायचं. लाल लागल्याशिवाय केबिन सोडायची नाही, हा नियम कडक. मी जो आकडा धरला आणि जे बटण दाबलं ते एका कुलूपबंद पेटीत छापून राहतं, ती पेटी महिन्याला मुंबईला जाते.

माझ्या टेबलावरही तसेच दोन दिवे आहेत, कारण मीही मुख्य कचेरीला आकडे पाठवतो आणि ते मला पोच देतात. पहिल्या मजल्यावर मला लाल दिवा कोण आणि कशाला देणार, असं विचारलं तेव्हा साहेब पोट धरून हसले.

मला खरी गंमत वाटली ती चौकटीची. आकडा येतो शून्य आणि एकच्या रूपात. चार अंक, दोन मीटरचे आणि दोन सेंटीमीटरचे, म्हणून चार आडव्या ओळी, प्रत्येकीत चार घरं. प्रत्येक ओळीच्या शेवटी एक जादा घर असतं, त्या ओळीतल्या एकांची संख्या सम यावी म्हणून. तसंच प्रत्येक उभ्या रांगेखाली एक. वाटेत खरखरीने एखादं घर बिघडलं, शून्याचा एक झाला, तर एक ओळ आणि एक रांग विषम होते. दोघी जिथे एकमेकींना छेदतात तिथेच चूक. पेन्सिलीने उलटी करायची, संपलं काम. कळंबोलीच्या लोखंड बाजारात वेल्डिंग सुरू झालं की खरखर वाढते, तरी आकडा शाबूत. ज्याने कोणी हे शोधून काढलं त्याला नमस्कारच केला पाहिजे.

मंगळवार, ९ जुलै

आज साहेबांच्या जीपमधून नेऱ्याच्या वरच्या बंधाऱ्यावर जाऊन आलो. आमच्या कागदावर हे ठाणं क्रमांक ०७. तिथला माणूस काशिराम. पंचावन्नच्या पुढचा, काटक, बोलायला कमी. केबिनपासून मोजपट्टीपर्यंत बेचाळीस पायऱ्या खाली उतरतात, शेवाळलेल्या. तो दर वेळी उतरतो. वरून दुर्बिणीने वाचलं तर चालेल असं साहेब म्हणाले, त्याने मान डोलावली आणि उतरलाच. पाणी जिथे टेकलंय तिथे अंगठा लावून ठेवला आणि मग आकडा वाचला.

मला म्हणाला, "आमी एकदा डोल्यानं वाचतो न एकदा आंगठ्यानं."

त्याची बायको भीमाबाई खालच्या वाडीवरून भाकरी घेऊन आली होती. आम्हालाही वाढली, सुक्या जवळ्याबरोबर. मी तीन भाकऱ्या खाल्ल्या. साहेब अजून चिडवतात.

शनिवार, २० जुलै

आज स्वतःची पाठ थोपटून घ्यायला हरकत नाही. एक चूक असेल तर ती सापडते, हे झालं. पण दोन घरं बिघडली तर? दोन ओळी आणि दोन रांगा विषम होतात आणि छेद पडतात चार. चौकटीचे चार कोपरे. चुका दोनच असतात, समोरासमोरच्या कोपऱ्यांवर: एक तर या कर्णावर, नाही तर त्या. कुठल्या, हे यंत्र सांगू शकत नाही. पुस्तक सांगतं: 'फेर' दाबा.

'फेर' म्हणजे पंधरा मिनिटांची निश्चिंती. त्या म्हाताऱ्याने पुन्हा बेचाळीस पायऱ्या उतरायच्या, अशा पावसात. म्हणून मी दोन्ही कर्ण सोडवून पाहायला लागलो. दोन आकडे निघतात. एक मागच्या आकड्याच्या आसपासचा असतो, दुसरा असतो काहीतरी अचाट. आसपासचा धरायचा! पाणी काही उडी मारत नाही. अकरा वेळा 'फेर' दाबून पडताळून पाहिलं, अकराही वेळा माझाच बरोबर.

साहेबांना फोनवर सांगितलं तर त्यांना कोण आनंद. महिनाभर एकही 'फेर' नसलेलं केंद्र दाखवायला मिळालं तर वरच्यांपुढे प्रयोगाचं वजन वाढेल म्हणाले. डिसेंबरात मला कायम करायचंही बोलले. या रीतीचं एक पानाचं टिपण लिहून मागितलंय. लिहितोय. तिसरंच वाक्य टाकलंय: 'पाणी उडी मारत नाही, म्हणून मागील आकड्याच्या जवळचा कर्ण धरावा.' चांगलं वाटतं वाचायला.

रविवार, २८ जुलै

काशिराम बाजाराला आला होता, भेटून गेला. तांदळाची छोटी गोणी घेऊन आला, नको म्हटलं तरी ठेवली. आठवडाभर मी त्याला पायऱ्यांचा त्रास दिला नाही हे मुद्दाम सांगितलं. वाटलं, खूश होईल. त्याने गोणी भिंतीला नीट टेकवली. मग म्हणाला, "घंटी वाजत नाय आताशा. बरी वाटायची. कुनी तरी इचारतंय, आसं वाटायचं."

म्हातारा एकटा पडतो बहुतेक.

बुधवार, ७ ऑगस्ट

मुलगी! मुलगी झाली! चारच्या ठोक्याला सासऱ्यांचा फोन रहीमभाईंच्या दुकानात आला. रहीमभाई खालून हाकांवर हाका मारत होते आणि नेमक्या त्याच वेळी ०७ ची फीत येत होती. चौकट पडली होती. उभ्याउभ्या सोडवली, बाराचा आकडा ३.०८ होता, हा ३.१२ निघाला. पोच दिली आणि जिन्यावरून तीन-तीन पायऱ्या उड्या मारत खाली. साडेसहा पौंड, आभा सुखरूप. रहीमभाईंनी सगळ्या गिऱ्हाइकांना पेढे वाटले, माझ्या नावाने. आज लिहवत नाही. रेवा, रेवा, रेवा.

गुरुवार, ८ ऑगस्ट

ठाणं ०७ नाही. बंधारा काल पावणेपाचला गेला. वर डोंगरात कुठे तरी दरड कोसळून पाणी अडलं होतं, ते एकदम फुटलं. केबिन गेली. काशिराम केबिनमध्ये होता.

वाडीतली एकशेचाळीस माणसं वाचली. ती आधीच टेकडीवर गेली होती.

मी कालची फीत काढून पाहिली. आलेला आकडा होता २.१६, दोन ओळी आणि दोन रांगा विषम. एका कर्णाने ३.१२. दुसरा कर्ण काल सोडवलाच नव्हता. आज सोडवला. पाच वेळा सोडवला.

६.१७.

शुक्रवार, ९ ऑगस्ट

चौकशीसाठी सगळ्या फिती मागवल्या आहेत. मी कालची — परवाची — ती एक फीत फाइलीतून काढली आणि या वहीत ठेवली. खिडकीतून पाणी आलं, त्या दिवसाचा कागद भिजून गेला, असं लिहून दिलं. पेटीत आहेच: ०७, ३.१२, पोच.

आभाला फोन करायचा होता, केला नाही.

बुधवार, १४ ऑगस्ट

भीमाबाई आल्या होत्या. जिन्याच्या वरच्या पायरीवर बसल्या, आत येईनात. मी पाणी दिलं, तेही प्यायल्या नाहीत.

मग सांगू लागल्या. त्या दिवशी काशिराम मोजपट्टीवरून वर आला तो पळतच. आकडा दाबला आणि त्यांना म्हणाला, लालच्या वर गेलंय, वाडीतल्या माणसांना वर ने. त्यांनी त्यालाही चल म्हटलं. त्यांनी मला त्याचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं: "तू व्हो पुढं. दिवा लाल झाला का मी आलोच."

टेकडीवरून त्यांना केबिनचा दिवा दिसत होता. पांढरा.

मग त्यांनी विचारलं, "सायेब, येवढंच सांगा. त्यांनी आकडा काय धाडला?"

मी सांगितलं, चौकशी चालू आहे.

शुक्रवार, २३ ऑगस्ट

मुंबईहून तिघे आले. खालच्या मोकळ्या गोदामात टेबल मांडलं, रहीमभाईंनी पंखा दिला. भीमाबाई भिंतीशी उभ्या होत्या. मला विचारलं, ठाणं ०७ कडून चार वाजता कोणता आकडा मिळाला. मी म्हणालो, ३.१२. आवाज अगदी साधा निघाला. मला वाटलं होतं अडखळेन.

निष्कर्ष: काशिरामने घाबरून चुकीचा आकडा दाबला.

भीमाबाई जाताना माझ्यासमोर थांबल्या आणि म्हणाल्या, "त्यांचा आकडा चुकायचा नाय. आंगठा लावून वाचायचे."

मी खोटा आहे. हे निदान इथे तरी लिहून ठेवतो. एक माणूस माझ्या दिव्यावर विश्वास ठेवून बसून राहिला, मेला, आणि मी त्याच्या नावाला काळं फासलं. नोकरीसाठी. आभा दसऱ्याला रेवाला घेऊन येणार आहे, तिला तोंड दाखवता यावं म्हणून.

सोमवार, २ सप्टेंबर

दोन गोष्टी झाल्या.

साहेबांचं पत्र आलं. माझं टिपण सायक्लोस्टाइल करून कंपनीच्या अकराही केंद्रांना आणि मुख्य कचेरीतल्या नव्या पोरांनासुद्धा दिलंय. माझ्या नावासकट. अकरा केंद्रं, प्रत्येकाखाली पाच-सहा केबिनी. मी फोनपर्यंत गेलो. टिपण मागे घ्या म्हटलं तर का ते सांगावं लागेल. परत येऊन बसलो.

दुसरी. चार वाजता यंत्र चालू झालं. ठाणं ०७. आकडा ६.१७. एकही घर बिघडलेलं नाही. सगळ्या ओळी सम, सगळ्या रांगा सम.

०७ चा डबा चिखलाखाली आहे. तो मी स्वतः पाहिलाय.

गुरुवार, ५ सप्टेंबर

रोज चारला. ०७, ६.१७. साहेबांना भीतभीत विचारलं. दुसऱ्या कुणाच्या तरी वायरलेसची सरमिसळ असेल म्हणाले. पण इतर चार ठाण्यांच्या फिती खरखरीने भरलेल्या येतात, एक तरी चूक असतेच. हिच्यात नसते. इतकी स्वच्छ फीत मी या यंत्रावर कधी पाहिली नाही.

उत्तर मिळेपर्यंत यंत्र तोच आकडा पुन्हा पुन्हा छापत राहतं. फीत आधी वीतभर, मग दोन हात. शेवटी रोज मी आकडा कोरा ठेवून 'पोच' दाबलं. थांबलं.

आज लक्षात आलं मी काय केलं. पुन्हा पांढरा दिला. थांबा म्हणालो त्याला. सलग चार दिवस.

सोमवार, ९ सप्टेंबर

वहीतली ती फीत ओली झाली आहे. सगळी नाही, चार ठिकाणी फक्त. चौकटीच्या चार कोपऱ्यांवर चार अंगठ्यांचे ठसे, पाण्याचे. उन्हात वाळवली. संध्याकाळी पुन्हा ओली.

पुढच्या खोलीच्या भिंतीवरही एक ठसा आहे. जमिनीपासून टाचेच्या उंचीवर.

शनिवार, १४ सप्टेंबर

ठसा रोज एक, रोज थोडा वर. आज घोट्याच्या वर. रहीमभाईंना वर बोलावून भिंत दाखवली. त्यांनी चष्मा लावून पाहिलं, हात फिरवला. सुकी आहे म्हणाले. माझ्याकडे बघून म्हणाले, सुशांतभाई, गणपतीलासुद्धा घरी गेला नाहीत, दोन दिवस जाऊन या, बाळाचं तोंड बघा. त्यांच्या घरून नूरुन्निसा भाभींनी जेवण पाठवलं. डबा तसाच परत पाठवला.

बाळाचं तोंड बघायची मला भीती वाटते. ती जन्मली त्याच मिनिटाला मी — नको.

शुक्रवार, २० सप्टेंबर

भीमाबाई पुन्हा आल्या. रडत नव्हत्या, भांडायलाही आल्या नव्हत्या. रोज चारला त्या टेकडीवर जाऊन बसतात. खाली चिखलात पांढरा दिवा लागलेला दिसतो म्हणाल्या. दुसऱ्या कुणाला दिसत नाही.

"ते आजून बसल्यात थितं. लाल करा, सायेब. तुमचंच आयकतील ते."

मला म्हणता आलं असतं, बाई, तुम्हाला भास होतो. मी म्हणालो, माझ्या हातात नाही. बटण तीन फुटांवर होतं.

'निघा' दाबलं तर पेटीत छापलं जाईल: ०७, ६.१७. मग विचारतील. मग सगळं निघेल. डिसेंबरपर्यंत थांबावं. कायम झालो की सांगेन. नक्की सांगेन.

मंगळवार, १ ऑक्टोबर

आज चारला फीत आली ती ०७ ची नाही. ठाणं ०१.

०१ म्हणजे पनवेल. म्हणजे ही खोली.

आकडा ०.००. सगळं सम.

बुधवार, २ ऑक्टोबर

०१. आकडा ०.०१.

बाहेर कडक ऊन, रस्त्यावर धूळ. खोलीत पाय टेकला तर फरशी ओली. मुख्य कचेरीला नेहमीचे आकडे पाठवले, त्यांनी पोच दिली. माझ्या टेबलावरचा पांढरा दिवा लागला आणि तसाच राहिला. नेहमी दोन मिनिटांत विझतो.

गुरुवार, ३ ऑक्टोबर

आभाचं पत्र. रेवा हसायला लागली आहे. दसऱ्याच्या आदल्या दिवशी निघतात. या खोलीत मी त्यांना कसा आणू —

दिवा विझत नाही. वायर काढली. तरी लागलेला.

ठरलं. उद्या चारला लाल देतो. नोकरी गेली तर जाऊ दे. मग भीमाबाईंकडे जाऊन पाया पडतो आणि मुख्य कचेरीला सांगतो की ते टिपण फाडा.

शुक्रवार, ४ ऑक्टोबर, दुपारी चार

आली. ०७, ६.१७.

'निघा' दाबलं. पेटीत खट् आवाज झाला, छापलं गेलं.

यंत्र थांबलं. मग जिन्यावर पावलं. वरून खाली जाणारी. ओली, अनवाणी, सावकाश. मोजली. जिन्याला सोळा पायऱ्या आहेत. पावलं बेचाळीस.

गेला. सुटला बिचारा. मी रडतोय आणि हलकं वाटतंय —

सव्वाचार

दार उघडत नाही. फुगलंय. रहीमभाईंना हाका मारल्या. खाली रेडिओ चालू आहे, कुणी तरी खिळे मागतंय, सगळं ऐकू येतं. त्यांना माझं ऐकू जात नाही.

पाणी खुर्चीच्या खालच्या दांडीपर्यंत. गार. डोंगरातलं, मातीच्या वासाचं.

पांढरा दिवा तसाच.

चार बावीस

फोन मेलेला. यंत्र चालू आहे. मुख्य कचेरीला पाठवतो, ठाणं ०१ म्हणून. पहिल्या मजल्यावर एवढं पाणी दिसल्यावर त्यांनी लाल दिला तर — काशिराम तसाच सुटला ना.

भिंतीला टेप धरून, अंगठा लावून वाचलं. ०.५७. पाठवलं.

चार पंचवीस

उत्तर आलं. फितीवर त्यांनी धरलेला आकडा छापून आलाय.

०.०२. पोच.

वाटेत चौकट पडली असणार. मी इथे बसून सोडवून पाहिली. एका कर्णाने ०.५७. दुसऱ्याने ०.०२. त्यांच्या लेखी कालपर्यंत खोली कोरडी होती ना. म्हणून जवळचा धरला. माझ्याच रीतीने. तिसरं वाक्य —

चार एकतीस

पुन्हा. ०.९०. दोनदा वाचला. पाठवला.

०.०९. पोच.

घंटी वाजवा रे. कुणी तरी 'फेर' दाबा. एकदा विचारा मला —

पाणी आता गळ्यापर्यंत. वही डोक्यावर धरून लिहितोय. ही कुणाला सापडली तर आधी टिपण फाडा, अकराही ठिकाणचं. भीमाबाईंना सांगा, त्यांचा आकडा बरोबर होता, चूक माझी, फीत याच वहीत आहे, ठसे —

दिवा पाण्याखाली. पांढराच दिसतोय.

आणखी एकदा पाठवतो. अंगठा लावलाय. या वेळचा आकडा बरोबर आहे, मी दोनदा वाचला, तो अगदी बरोबर आ